समोरून येणारा रोबो: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर, रविवार

काल फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेचा यंदाचा खेळ जाहीर झाला. मैदानावरचे चेंडू गोळा करायचे आणि उंच टोपलीत फेकायचे. या वर्षी वही माझ्याकडे आली आहे, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते: जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं, आणि बिघडलेलं आधी लिहायचं. गेल्या वर्षीच्या वहीत फक्त जमलेल्या गोष्टी आहेत. रोबोच्या लिफ्टची दोरी तीनदा का तुटली, हे आज कुणालाच सांगता आलं नाही. ज्या दोघांना ते माहीत होतं, ते वय उलटून टीममधून बाहेर पडले.

आम्ही अकरा जण, त्यातले पाच नवे. त्यांच्यासाठी थोडक्यात: फर्स्ट टेक चॅलेंजचं मैदान साधारण ३.६६ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, खाली फोमच्या ३६ टाइल्स. सुरुवातीला रोबो ४५.७ सेंटिमीटरच्या घनात मावला पाहिजे. पहिले ३० सेकंद तो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, कंट्रोलरला हातही लावायचा नाही. त्यानंतरची दोन मिनिटं ड्रायव्हरची. एका बाजूला दोन टीम, समोर दोन. पात्रता फेरीत जोडीदार दर सामन्याला बदलतो, त्यामुळे आत्ता ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलो तेच तासाभरात समोर उभे असतात.

नव्यांपैकी एकाने लगेच विचारलं, "मग त्यांना आपली युक्ती सांगायचीच कशाला?" प्रश्न रास्त आहे. सर म्हणाले, "पहिल्या स्पर्धेनंतर तूच सांग."

२१ सप्टेंबर, रविवार

सांगाडा उभा राहिला. चाकं मेकॅनम. या चाकांच्या घेरावर ४५ अंशात तिरके रोलर असतात, त्यामुळे चारही चाकं वेगवेगळी फिरवली की रोबो न वळता सरळ बाजूला सरकतो. स्वीडनचे अभियंते बेंग्ट इलोन यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली. डावे-उजवे रोलर उलटसुलट बसले की रोबो जागच्या जागी थरथरतो. आज तसंच झालं, दोन चाकं काढून परत बसवली. वरून बघितल्यावर चारही चाकांचे रोलर मिळून एक्ससारखी फुली दिसली पाहिजे, ही खूण नव्यांनी पाठ करून टाकावी.

५ ऑक्टोबर, रविवार

ऑटोने, म्हणजे रोबो स्वतः चालतो त्या पहिल्या ३० सेकंदांनी, दिवसभर नाकी नऊ आणले. सकाळी रोबो बरोबर रेषेवर थांबत होता, दुपारी हातभर अलीकडे. कोड तोच, टाइल्स त्याच. मोटर 'इतके सेकंद चालव' असं लिहिलेलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आमची बॅटरी १२ व्होल्टची आहे, पण पूर्ण भरल्यावर ती १३.५च्या वर दाखवते आणि दुपारपर्यंत उतरते. व्होल्टेज कमी म्हणजे चाकाचा वेग कमी, आणि तेवढ्याच सेकंदांत अंतर कमी.

आता सेकंद मोजायचे नाहीत, चाकाचे फेरे मोजायचे. मोटरच्या एन्कोडरवर एका पूर्ण फेऱ्याला ५३७.७ खुणा मिळतात. चाक ९६ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ ३०.१६ सेंटिमीटर. भागाकार केला की दर सेंटिमीटरला साधारण १७.८ खुणा. नव्या मुलीने हे कागदावर सोडवलं आणि मैदानावर टेप लावून तपासलं. १०० सेंटिमीटर सांगितले, रोबो ९९ वर थांबला. भरलेली बॅटरी लावली, उतरलेली लावली, दोन्ही वेळा ९९. तिने तो टेपचा तुकडा या पानावर चिकटवला आहे. कृपया काढू नये.

१८ ऑक्टोबर, शनिवार. एका प्राथमिक शाळेत कार्यक्रम

चांगला झाला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. स्लाइड्स होत्या, त्यात डीन केमन यांनी १९८९ मध्ये ही स्पर्धा घेणारी फर्स्ट संस्था सुरू केली इथपासून सगळं होतं. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगा चुळबुळ करू लागल्या. रोबो शेवटी बाहेर काढला तेव्हा बॅटरी अर्धी, कारण आदल्या रात्री सराव करून ती चार्जिंगला लावायची राहून गेली होती. तो जेमतेम चार मिनिटं चालला. एका मुलाने मला विचारलं, "ताई, आम्ही कधी हात लावायचा?" आणि तेव्हाच घंटा झाली.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच. फ्लायव्हील, म्हणजे चेंडू फेकणारं वेगाने फिरणारं चाक, उघडं होतं. चार मिनिटांत एका लहान मुलाचा हात त्याच्याजवळ गेला आणि आमच्या दादाने तो वेळीच मागे ओढला. कुणाला काही लागलं नाही. पण मला झोप लागत नाहीये. उद्यापासून नियम: कार्यक्रमाला जाताना फ्लायव्हीलच्या मोटरची वायर काढून ठेवायची, वर पारदर्शक झाकण, जमिनीवर टेपची रेघ, आणि रेघेवर आमच्यातला एक जण कायम उभा. त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार. वाचनालय

स्लाइड्स नेल्याच नाहीत. जमिनीवर टाइल्स अंथरल्या, मध्ये चार चेंडू, आणि कंट्रोलर सरळ मुलांच्या हातात. बोलणं असलं तर ते मुलं चालवत असताना, त्यांनी विचारलं तर. दोन तासांत चाळीसेक मुलांनी रोबो चालवला असेल. पाच बॅटऱ्या भरून नेल्या होत्या, चार लागल्या.

आणि आज जे दिसलं ते मला वहीत नीट उतरवायचं आहे.

सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. रोबो तिच्यापासून दूर जात होता तोवर ती छान चालवत होती. मग तिने तो वळवून स्वतःकडे आणायला घेतला. आता रोबोचं तोंड तिच्याकडे, म्हणजे रोबोचा डावा हात तिच्या उजव्या हाताला. तिने जॉयस्टिक डावीकडे ढकलली, रोबो तिच्या उजवीकडे गेला. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. आमच्यापैकी कुणी काही सांगायच्या आत ती स्वतःच गर्रकन वळली, रोबोकडे पाठ केली, आणि मान मागे वळवून खांद्यावरून बघत बघत चालवू लागली. एकही चूक न करता तिने चेंडू ढकलत टेपच्या रेघेपर्यंत आणला.

तिच्यानंतर आलेल्या बहुतेक मुलांची गाडी तिथेच अडली. तोंड समोर आलं की डावं-उजवं उलट. मी मोजायला लागले, पण तेवीसनंतर सोडून दिलं, कारण अपवाद सापडेना.

रात्री आमच्याच सरावाचा व्हिडिओ लावला. आमचा ड्रायव्हर तीन वर्षं चालवतोय. दोन मिनिटांच्या एका सरावात रोबो त्याच्याकडे तोंड करून असताना नऊ वेळा आधी चुकीच्या बाजूला सरकला आणि मग परत आला. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण सेकंद. हे आम्ही इतके दिवस 'हात बसायला हवा' म्हणून सोडून देत होतो. मुलं लाजत नाहीत, त्यामुळे त्यांची अडचण उघड दिसते. आमची लपलेली होती.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर याच कामात होतो. आता जॉयस्टिक ड्रायव्हरच्या दृष्टीने चालते, रोबोच्या दृष्टीने नाही. पुढे ढकललं की रोबो ड्रायव्हरपासून लांब जाणार, मग त्याचं तोंड कुठेही असो. रोबोच्या आतला जायरो सांगतो तो किती अंश वळला आहे. जॉयस्टिकची दिशा तेवढ्या अंशांनी उलट फिरवायची आणि मग चाकांना द्यायची. एक साइन, एक कोसाइन, चार ओळी. बऱ्याच टीम हे आधीपासून करतात. आम्हाला त्याची गरज वाटली नव्हती.

आजच्या सरावात चुकीच्या दिशेच्या हालचाली: दोन.

२२ नोव्हेंबर, शनिवार. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात

इथे मुलं नव्हती, त्यामुळे काय दाखवायचं याची धाकधूक होती. एक आजोबा रोबोपाशी बराच वेळ वाकून बसले. आयुष्यभर लेथवर काम केलेलं. त्यांनी परवानगी विचारून इनटेकचा, म्हणजे चेंडू आत ओढणाऱ्या भागाचा, रोलर दोन बोटांत धरला आणि हलकेच पुढे-मागे फिरवला. शाफ्ट जागेवर, रोलर मात्र केसभर हलला.

"फ्लॅट मारलाय का शाफ्टला?"

नव्हता मारला. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू नुसता आवळला होता, आणि दर दोन-तीन सरावांनी तो सैल व्हायचा. आम्ही प्रत्येक वेळी आणखी जोरात आवळायचो. आजोबा म्हणाले, "पोरांनो, गोलावर स्क्रूची एकच कड टेकते. कितीही आवळा, घसरणारच. कानस घ्या, स्क्रू बसतो तिथे सपाट करा, आणि मग आवळा." त्यांनी कानस कशी धरायची, पुढे जाताना दाब द्यायचा आणि मागे येताना उचलायची, हे टेबलावर पेन ठेवून करून दाखवलं. त्यांची बोटं त्या पेनवर इतकी सहज बसली की आम्ही सगळे गप्प होऊन बघत राहिलो.

संध्याकाळी सहाही शाफ्टना फ्लॅट मारले. पहिले दोन वाकडे आले, पुढचे चार नीट.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला चेंडू टोपलीत, दुसरा काठावर, तिसरा खाली. पहिले पाढे पंचावन्न. लॉगमध्ये, म्हणजे रोबोने साठवलेल्या नोंदीत, बघितलं तर फ्लायव्हील पहिला चेंडू फेकताना मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून २,५५० वर येतं आणि आम्ही त्याच क्षणी दुसरा आत ढकलतो. दोन उपाय केले. चाकाच्या कडेला वजन वाढवलं, कारण वस्तुमान कडेला असलं की तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा साठते. आणि वेग पुन्हा २,९५० पर्यंत चढेपर्यंत पुढचा चेंडू थांबवला. दहापैकी आठ आत जाऊ लागले. स्पर्धेला दोन आठवडे आहेत, इथेच थांबतो.

१४ डिसेंबर, रविवार. पहिली स्पर्धा

तपासणी पहिल्या फटक्यात पार पडली. रोबो मापाच्या खोक्यात दोन मिलिमीटर राखून बसला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

परीक्षकांसमोर पहिली पाच मिनिटं आपण बोलायचं, मग त्यांचे प्रश्न. हंगामाच्या कामाची पुस्तिका, म्हणजे पोर्टफोलिओ, पंधरा पानांचा. त्यात आम्ही कार्यक्रमांना एक पान दिलं होतं, सगळ्यात शेवटी, किती ठिकाणी गेलो आणि किती लोक आले असं. एका परीक्षक बाईंनी विचारलं, "या कार्यक्रमांतून तुम्हाला काय मिळालं?" आमच्या दोघांनी एकदम 'आनंद' असं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं. पण वाचनालयातली मुलगी आणि कानसवाले आजोबा आम्हाला तिथे आठवलेच नाहीत, कारण ते आमच्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात होते. खोलीबाहेर आल्यावर मला हळहळ वाटली. हे पान मी नव्याने लिहिणार आहे.

पाच सामने. पहिले दोन जिंकलो. ऑटो दोन्ही वेळा बरोबर रेषेवर थांबली.

तिसऱ्या सामन्यात साधारण पन्नासाव्या सेकंदाला रोबो भिंतीला घासला आणि त्यानंतर वेड्यासारखा वागू लागला. पुढे ढकललं की बाजूला, बाजूला ढकललं की मागे. बंद पडला नव्हता. चेंडू उचलत होता, फ्लायव्हील फिरत होतं, फक्त दिशा हरवली होती. आमच्या ड्रायव्हरला वाटलं तोच चुकतोय. तो घामाघूम होऊन तसाच लढत राहिला. हरलो. पिटमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन तो कुणाशी बोलेना. कोडवालीने लॉग उघडला आणि त्याला हाताला धरून स्क्रीनसमोर बसवलं. कोनाचा रकाना होता: ८५.९, ८६.४, ८७.३, आणि मग ०.०. त्याखाली सामना संपेपर्यंत ०.०. "हे बघ," ती म्हणाली, "तू नाही. जायरो मेला." त्याने तो रकाना शेवटपर्यंत खाली सरकवत नेला, दोनदा. मग पाणी प्यायला.

कारण आम्हाला कळेना. केबल घट्ट होत्या. बाजूच्या पिटमधल्या टीमचा एक मुलगा आमचं ऐकत होता. तो येऊन म्हणाला, "भिंतीला लागल्यावर झालं का? आमचंही झालं होतं." स्थिर विद्युत. चाकं फोमवर घासतात, त्यातही मेकॅनम बाजूला सरकताना जास्त. हवा कोरडी असली की हा भार रोबोवर साठत जातो आणि धातूला स्पर्श झाला की एकदम सुटतो. वाटेत सेन्सरच्या तारा आल्या तर सेन्सर गप्प होतो. त्याने त्यांच्या पेटीतून ग्राउंडिंगची वायर काढून दिली. आतला रोधक दाखवला आणि बजावलं की साधी तार जोडली तर तपासणीत अडकाल, मान्यता असलेलीच चालते. ती कंट्रोल हबपासून (रोबोच्या मुख्य संगणकापासून) सांगाड्यापर्यंत कशी जोडायची तेही करून दाखवलं.

पुढच्याच सामन्यात ते आमच्या समोर होते. त्यांनी आम्हाला सहज हरवलं. पाचवा सामना आम्ही जिंकलो.

परतीच्या वाटेवर सर, 'युक्ती सांगायचीच कशाला' म्हणणाऱ्या आमच्या नव्या मुलाला काही विचारतील असं वाटलं होतं, पण त्याआधी तोच म्हणाला की त्या टीमची वायर परत द्यायची राहिली, पुढच्या स्पर्धेत पहिल्यांदा ते काम. वूडी फ्लॉवर्स हे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक होते, फर्स्टच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा. चुरशीने खेळायचं आणि तरी समोरच्याला मान आणि मदत द्यायची, या वागण्याला त्यांनी 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' हे नाव दिलं. आम्ही ते शब्द दरवर्षी पोर्टफोलिओत लिहितो. यंदा त्याखाली त्या वायरचा फोटो लावू.

२१ डिसेंबर, रविवार

कोडमध्ये दोन बटणं वाढवली. एकाने कोन शून्य होतो: रोबोचं तोंड मैदानाकडे सरळ करायचं, बटण दाबायचं, पुन्हा सुरू. पण जायरोच गेला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून दुसरं बटण ड्रायव्हरची दिशा पूर्ण बंद करून रोबो जुन्या पद्धतीवर नेतं. त्याशिवाय कोन दोन सेकंद जराही न बदलता चाकं फिरत असली तर कंट्रोलर थरथरून इशारा देतो. चाकं फिरतायत आणि कोनाचा शेवटचा दशांशही हलत नाही, असं धडधाकट जायरोच्या बाबतीत होत नाही.

तारा धातूच्या कडांपासून लांब नेल्या, उघड्या कडांवर टेप.

आठवड्यातून एक दिवस ड्रायव्हरने जुन्या पद्धतीने सराव करायचा. त्याला हे आवडलेलं नाही.

११ जानेवारी, रविवार

पोर्टफोलिओचं पान नव्याने लिहिलं. शेवटी नाही, मध्यभागी, चाकं आणि इनटेकच्या पानांमध्ये. डाव्या बाजूला पाठ फिरवून चालवणाऱ्या मुलीचं रेखाचित्र (फोटो नाही, तिच्या घरच्यांना विचारलेलं नव्हतं), उजव्या बाजूला ती चार ओळींची गणितं. खाली फ्लॅट मारलेल्या शाफ्टचं चित्र आणि सैल होण्याची नोंद: आधी दर दोन-तीन सरावांनी, नंतर सात आठवड्यांत एकदाही नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुसरी स्पर्धा

वायर परत केली. सोबत आमच्याकडची एक जादा सर्व्हो (छोटी मोटर) दिली, कारण त्यांची सकाळीच जळली होती.

तीन जिंकलो, दोन हरलो. चौथ्या सामन्यात कंट्रोलर थरथरला. ड्रायव्हरने दुसरं बटण दाबलं आणि उरलेली चाळीस सेकंदं जुन्या पद्धतीने खेळला. एकदाच चुकीच्या बाजूला गेला. म्हणजे वायर असूनही एकदा झालंच, पूर्ण इलाज सापडलेला नाही. पण सामना हातातून गेला नाही.

बाद फेरीसाठी निवड झाली तेव्हा आम्हाला कुणी घेईल असं वाटत नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाच्या टीमने आमचा नंबर पुकारला. त्यांच्या कर्णधार मुलीला नंतर विचारलं, आम्हालाच का? ती म्हणाली, बिघडल्यावरही तुमचा रोबो खेळत राहिला, ते आम्ही टिपून ठेवलं होतं. उपांत्य फेरीत हरलो.

परीक्षकांनी मधलं पान उलटून पाहिलं आणि उरलेला सगळा वेळ त्याच पानावर विचारत राहिले. बक्षीस नाही मिळालं. ड्रायव्हर आणि कोडवाली रात्रीच पुढच्या वर्षीच्या सेन्सरबद्दल वाद घालत होते.

३१ जानेवारी, शनिवार. पुन्हा वाचनालय

ती मुलगी आली होती. धावतच आली, रांगेत पहिली. कंट्रोलर हातात घेतला, रोबो लांब नेला, वळवला, आणि सवयीने गर्रकन फिरून पाठ करून उभी राहिली. आता रोबो ड्रायव्हरच्या दिशेने चालतो, त्यामुळे पाठ फिरवल्यावर सगळं उलट झालं. तिने कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघितलं.

मी तिला सांगितलं की आता वळायची गरज नाही, तुझ्यामुळेच आम्ही ते बदललं. तिने समोर तोंड करून एक फेरी मारली. बरोबर जमलं. मग म्हणाली, "ताई, पण मी घरी खोक्यावर तसाच सराव केलाय."

ड्रायव्हर पुढे झाला आणि त्याने दुसरं बटण दाबलं. ती वळली, खांद्यावरून मागे बघत चारही चेंडू एकामागून एक रेघेपर्यंत घेऊन आली. मग रांगेतल्या मुलांना हवं ते निवडू दिलं. काहींनी नवी पद्धत घेतली, बरेच जण पाठ फिरवून उभे राहिले.

पुढच्या वेळेसाठी: दुसऱ्या बटणावर पिवळी टेप लावायची, म्हणजे मुलांना पद्धत स्वतः बदलता येईल. बॅटऱ्या सहा न्यायच्या.